कॉम्पॅक्टली म्हणजे नेमके कसे?

घडीच्या खुर्चीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करताना ‘फोल्ड्स कॉम्पॅक्टली’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ अडलो. ‘कमी जागेत मावते’ असे आधी लिहिले आणि लगेच खोडले; कारण चेन जेमतेम लागेल अशी ठासून भरलेली बॅगही कमीच जागा घेते, पण त्या कोंबाकोंबीला कॉम्पॅक्टली म्हणवत नाही.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘कॉम्पिंगेरे’ हे क्रियापद आहे. त्यातील ‘कॉम’ म्हणजे एकत्र आणि ‘पांगेरे’ म्हणजे पक्के बसवणे. लहान आकारापेक्षा भागांना भाग नीट भिडणे आणि मध्ये वायफळ पोकळी न उरणे, हा त्याचा गाभा आहे. (करार या अर्थाचे ‘कॉम्पॅक्ट’ हे नाम दिसायला तसेच असले, तरी ते दुसऱ्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे.)

हे क्रियाविशेषण बहुधा क्रियापदानंतर येते, परंतु ‘बिल्ट’, ‘रिटन’ अशा कृदंतांच्या आधी बसते. ‘कॉम्पॅक्टली बिल्ट’ माणूस उंचीने बेताचा, पण बांध्याने भक्कम असतो. त्याला ठेंगणाठुसका म्हटले, तर वर्णनाची थट्टा होते. ‘कॉम्पॅक्टली रिटन’ मजकुराची गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘ब्रीफली’ सांगताना काही मुद्दे गाळले तरी चालतात. कॉम्पॅक्टली लिहिताना मुद्दे सगळे ठेवायचे असतात, केवळ शब्दांचा फापटपसारा आवरायचा असतो. ‘डेन्सली’ लिहिलेल्या पानावर मात्र वाचकाला धाप लागते. मराठीतील ‘दाटीवाटीने’ त्याच्या जवळचे आहे, आणि नेमके तेच कॉम्पॅक्टलीसाठी वापरलेले मला अनेकदा खटकते.

गणितात हा शब्द वेगळ्याच वाटेने जातो. संख्यारेषेवरील एखादे फंक्शन ‘कॉम्पॅक्टली सपोर्टेड’ आहे, याचा अर्थ रेषेच्या कोणत्या तरी मर्यादित तुकड्याबाहेर त्याची किंमत सर्वत्र शून्य असते. तो तुकडा दहा लाख एककांचा असला, तरी बिघडत नाही. तेथे जागेची काटकसर अजिबात अभिप्रेत नाही.

माहितीपत्रकात शेवटी मी ‘मिटल्यावर खुर्चीची आटोपशीर घडी होते’ असे लिहिले. ‘आटोपशीर’मध्ये हाताळायला सोपे असण्याची छटा अधिक आहे, घट्ट जुळणीची कमी, पण खुर्चीपुरते ते चालून गेले.