मुगाच्या मुळांवरच्या गाठी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवर दहा गुंठ्यांचा भाजीचा तुकडा, त्यात उन्हाळी मूग. शेंगांचे दोन तोडे झाले होते आणि उभी झाडं हिरवी असतानाच गाडायची, असं ठरलं होतं. रोटाव्हेटर जोडलेला ट्रॅक्टर बांधाशी येऊन थांबला होता. भाजी उत्पादकांना सल्ला देणं हे माझं काम. मूग घ्यायचा सल्लाही माझाच: शेंगांचे चार पैसे होतील आणि वर जमिनीला हिरवळीचं खत मिळेल.

रानाचे मालक अण्णा. त्यांनी कौतुकानं एक झाड उपटून माझ्यासमोर धरलं. "ताई, ह्या गाठी बघा. तुमीच म्हणला व्हता ना, गाठी म्हंजे नत्र!"

मूळ गाठींनी लगडलं होतं. आधी मलाही बरं वाटलं. मग खटकलं. मुगाच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू असतात; शेंगा भरल्या की त्या गाठी सुकत येतात, आतून तपकिरी पडतात. मग या इतक्या टपोऱ्या कशा?

बादलीत मूळ धुतलं आणि अंगठ्यानं गाठ चोळली. निघेना. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, चोळली की सुटून हातात येते. जोमात असेल तर फोडल्यावर आत गुलाबी दिसते. इथे मूळच जागोजागी सुजलं होतं. नखानं गाठ उकलून भिंगाखाली धरली. टाचणीच्या टोकाएवढे, मोत्यासारखे पांढरे ठिपके. सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरून त्यांवर जगणाऱ्या बारीक जंतांच्या, माद्या होत्या त्या.

"मागचा टोमॅटो दुपारी माना टाकायचा का?" मी विचारलं.

"टाकायचा की. सांजच्याला परत उभा राहायचा. आमी म्हटलं, मर लागली आसंल."

बांधावर काकूंनी घरापुरती चार वांगी राखली होती. त्यातलं एक खणून काढलं, तर त्याच्या मुळांची अवस्था मुगाहून वाईट.

माझी चूक मला तिथेच दिसली. मूग सुचवण्याआधी त्या रानातलं एकही जुनं मूळ मी उपटून पाहिलं नव्हतं. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर जगणारी ही सूत्रकृमी मुगावर आणि चवळीवरही तितक्याच सुखानं वाढते. उबदार जमिनीत महिन्याभरात तिची एक पिढी पुरी होते. म्हणजे मुगाच्या दोन महिन्यांत मी तिला दोन पिढ्या पोसून दिल्या होत्या. हे अण्णांना आणि काकूंना मी जसंच्या तसं सांगितलं.

काकू गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आता काय करायचं त्ये सांगा."

ट्रॅक्टर परत पाठवला. रोटाव्हेटर फिरला असता तर गाठी बारीक होऊन अंडी रानभर पसरली असती. ते दोघं, त्यांची सून आणि मी, असे चौघं वाफे वाटून घेऊन झाडं मुळांसकट उपटायला बसलो. वरचा पाला तोडून खताच्या खड्ड्यात टाकला. मुळं कडक उन्हात पसरली, वाळल्यावर जाळायची म्हणून. अंधार पडला तरी दोन वाफे उरलेच होते.

पुढचं त्याच संध्याकाळी ओट्यावर ठरलं. पलटी नांगरानं खोल नांगरट करून ढेकळं पाऊस येईपर्यंत तापू द्यायची. या हंगामात टोमॅटो नाही. हे अण्णांना जड गेलं, आणि जाणारच. घरखर्च त्यावरच चालतो. पहिल्या पावसावर ताग पेरायचा, दहा गुंठ्यांना पाच-सहा किलो बी, दाट. सूत्रकृमीची पिल्लं तागाच्या मुळात शिरतात, पण तिथे त्यांची वाढ पुरी होत नाही. धैंचाचं, म्हणजे हिरवळीच्या खताच्या दुसऱ्या एका पिकाचं, नाव अण्णांनी काढलं. पाणी धरणाऱ्या किंवा चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या रानाला मीही आधी धैंचाच सांगते, पण सूत्रकृमीच्या बाबतीत माझा तागाइतका भरवसा त्याच्यावर नाही. ताग गाडल्यावर तीन-चार आठवडे रान कुजू द्यायचं, मग झेंडू. झेंडूच्या मुळांशीही या किडीचं जमत नाही.

जुलैच्या अखेरीस पुन्हा गेले. ताग छातीला लागला होता आणि तुरळक पिवळी फुलं दिसू लागली होती. गाडायची वेळ हीच. यापुढे खोड जून होतं, कुजायला वेळ घेतं आणि कुजताना जमिनीतलाच नत्र ओढून घेतं. उताराच्या कोपऱ्यात पाणी साचून हातभर पट्टा पिवळा पडला होता, कारण तागाला साचलेलं पाणी सोसत नाही. बाकी रान एकसारखं होतं.

अण्णांनी चार ठिकाणची झाडं उपटली आणि मला काही करू न देता स्वतःच मुळं धुतली. प्रत्येक गाठ अंगठ्यानं चोळून पाहिली. सुटत होत्या. एक फोडून त्यांनी काकूंपुढे धरली. आत गुलाबी.

मी बांधाकडे पाहिलं. वांगी दिसत नव्हती.

"त्याच आठवड्यात काढली," काकू म्हणाल्या. "मुळाचा तंतूसुदिक ठेवला नाय."