तुम्ही विचारलंत म्हणून: हा धसमुसळा खेळ तुम्हाला आवडतो तरी कसा?

भारतातून कुणी आलं आणि टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल चालू असला की हा प्रश्न ठरलेला. "अहो, हा खेळ आहे की मारामारी? तुमच्यासारखा शाकाहारी माणूस हे बघतो?" शाकाहाराचा इथे काय संबंध, ते मला अजून उमगलेलं नाही. त्यातून मी मिनेसोटात राहतो, तेव्हा माझ्या तोंडून इथल्या व्यावसायिक संघाचं, व्हायकिंग्जचं, नाव येईल अशी समोरच्याची खात्री असते. मी सांगतो, सेंट जॉन्स. मग सगळं पहिल्यापासून सांगणं आलं. एकदाच लिहून टाकतो.

मिनियापोलिसहून वायव्येला गाडीनं दीडेक तासावर कॉलेजव्हिल आहे, तिथलं हे सेंट जॉन्स. बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी १८५७ साली काढलेलं कॉलेज, फक्त मुलांचं, विद्यार्थी दोन हजारांच्या आत. कॉलेजच्या खेळांत इथे तीन पायऱ्या असतात. हे सगळ्यात खालच्या, डिव्हिजन थ्रीतलं. या पायरीवर खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम आहे. म्हणजे पोरं शनिवारी अंग शेकून घेतात आणि सोमवारी अकाउंटिंगच्या वर्गात बसतात. मैदान झाडीच्या मधोमध, खोलगट जागेत. ऑक्टोबरात भोवतीची झाडं लाल-पिवळी होतात आणि प्रेक्षकांत एखादा काळ्या झग्यातला साधू घशाच्या शिरा ताणून ओरडताना दिसतो. मला तो सामन्याइतकाच बघावासा वाटतो.

इथे १९५३पासून जॉन गलार्डी प्रशिक्षक होते. हा माणूस सोळाव्या वर्षीच प्रशिक्षक झाला होता. दुसऱ्या महायुद्धात शाळेच्या कोचना सैन्यात बोलावणं आलं, संघ बंद पडायची वेळ आली, तेव्हा पोरांनी हट्ट धरून तो चालवला आणि सूत्रं याच्या हाती आली. त्या काळी सरावात पाणी पिणं म्हणजे मऊपणा समजत. यानं पहिल्यांदा पाणी सुरू केलं, मग जाच वाटणारी एकेक गोष्ट काढून टाकली.

काढता काढता सेंट जॉन्सला काय उरलं बघा. सरावात एकमेकांना आडवं पाडायचं नाही. शिट्टी नाही. दीड तासाच्या वर सराव नाही. डास फार झाले तर सुट्टी. कुणालाही संघातून वगळायचं नाही, येईल त्याला गणवेश, त्यामुळे संघात दीडशेहून अधिक पोरं. "कोच" म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. आणि त्यांचा एक व्यायाम मला फार आवडतो: गवतावर उताणं पडायचं, शेजाऱ्याकडे वळायचं आणि म्हणायचं, काय सुंदर दिवस आहे!

ऐकणाऱ्याला हे लाड वाटतात. मला विचाराल तर हा चोख हिशेब होता. आठवडाभर आपलीच पोरं आपल्याच पोरांवर आदळत राहिली तर नोव्हेंबरात निम्मी लंगडतात. त्याऐवजी तोच डाव पुन्हा पुन्हा चालत-धावत घोटायचा, समोरचा कुठे उभा आहे यावरून काय करायचं ते डोक्यात पक्कं करायचं आणि अंग शनिवारसाठी राखून ठेवायचं.

२००३चा हंगाम हा या हिशेबाचा ताळेबंद. ८ नोव्हेंबरला बेथेल कॉलेजच्या संघाला २९-२६ असं हरवून गलार्डींनी ४०९वा विजय मिळवला आणि ग्रॅम्बलिंग कॉलेजचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८चा विक्रम मागे पडला. तीन गुणांचा फरक. छोट्याशा कॉलेजच्या त्या मैदानावर तेरा हजारांच्या वर माणसं. इथली बरीच मंडळी तो दिवस हंगामाचा कळस मानतात. मी मानत नाही. कळस डिसेंबरात, व्हर्जिनियातल्या सेलमला, स्टॅग बोलमध्ये, म्हणजे या पायरीच्या अंतिम सामन्यात.

समोर ओहायोचं माउंट युनियन. सलग ५५ सामने जिंकलेले; कॉलेज फुटबॉलच्या कुठल्याही पायरीवर एवढी लांब मालिका कुणाची नव्हती. २०००च्या अंतिम सामन्यात त्यांनीच सेंट जॉन्सला १०-७ असं रडवलं होतं. सेंट जॉन्सकडे ब्लेक एलियट होता, चेंडू झेलून पळणारा. त्या वर्षी डिव्हिजन थ्रीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि त्या पुरस्काराचं नाव काय, तर गलार्डी ट्रॉफी! माउंट युनियन गोलरेषेपर्यंत येऊन ठेपलं असताना सेंट जॉन्सच्या बचावपटूनं चेंडू मधल्यामध्ये उचलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, शंभर यार्ड, पळत सुटला. २४-६. चौदापैकी चौदा सामने जिंकले.

शनिवारी मात्र धडका खऱ्याच बसतात, डोक्याला मार बसतो, आणि माझ्या मुलानं हेल्मेट घालून या खेळात उतरावं असं मला कधी वाटलं नाही. तेव्हा "मारामारी आहे" या तुमच्या म्हणण्याला माझा विरोध नाही. मी बघतो ते मारामारी किती कमी करून जिंकता येतं हे. गलार्डी २०१२ साली ४८९ विजयांवर थांबले. हार्वर्ड, येल वगैरेंच्या आयव्ही लीगच्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात अंगावर जाणं बंद करायचं एकमतानं ठरवलं, ते २०१६ साली.