वणवा विझवायचं ट्रेनिंग पूर्ण केलं – माझा अनुभव

वणव्याच्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग नक्की कसं असतं, बायकांना झेपतं का, आत काय शिकवतात असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आमची वस्ती जंगलाला अगदी चिकटून आहे, रस्ता अरुंद आणि चढाचा, मोठा बंब वर यायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचा सगळ्यात महत्त्वाचा वेळ वस्तीतल्याच माणसांच्या हातात असतो. म्हणून नाव दिलं.

आधी फॉर्म आणि मेडिकल. बीपी, दमा, गुडघे, सगळं विचारतात आणि खरं सांगावं, कारण दमा असलेल्या माणसालाही काम आहेच, वायरलेसवर बसायचं, लांबून धुरावर नजर ठेवायची, नकाशा सांभाळायचा. त्यानंतर चालण्याची टेस्ट. अमेरिकेत वणव्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना 45 पौंड म्हणजे साधारण 20 किलो पाठीवर घेऊन 3 मैल 45 मिनिटांत चालायचं असतं, पळायला बंदी. आमच्याकडून त्याच्या खालची टेस्ट करून घेतली, 25 पौंड, 2 मैल, 30 मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं पण शेवटच्या टप्प्यात पोटऱ्या भरून येतात. रोज ओझं घेऊन चालायची सवय केली की होतं, आमच्या बॅचमधल्या बहुतेक बायका पास झाल्या.

कपड्यांबद्दल मॅडम (आमच्या ट्रेनर) फार कडक होत्या. अंगावर नायलॉन-पॉलिस्टर काही नको, आतलेसुद्धा सुती, कारण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. आणि एक गोष्ट मला माहीतच नव्हती, झळा लागत असताना तोंडावर ओला रुमाल बांधू नये. ओल्या कापडातून गरम वाफ आत जाते आणि कोरड्या गरम हवेपेक्षा ती श्वासनलिका जास्त भाजते. कोरडाच बांधायचा.

थिअरीचे तास कंटाळवाणे असतील असं वाटलेलं पण मला तेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलेत. आगीला तीन गोष्टी चालवतात, जळायला काय आहे, हवा कशी आहे आणि जमीन कशी आहे. चढावर ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकलेल्या असतात, ते आधीच तापून सुकतं, म्हणून दर 10 अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. म्हणजे 20 अंशाच्या डोंगरावर चौपट, आणि माणसाचा वेग त्याच चढावर उलट बराच कमी होतो. आगीच्या वर उभं राहायचं नाही हे एवढ्यावरून डोक्यात बसतं.

मॅडमनी मान गल्च नावाच्या दरीतली गोष्ट सांगितली. 5 ऑगस्ट 1949, अमेरिकेतलं मोंटाना राज्य. विमानातून उतरलेली टीम साध्या दिसणाऱ्या आगीकडे दरीतून चालत होती, आग अचानक त्यांच्या खालच्या बाजूला पेटली आणि गवताच्या चढावरून वर धावत आली. 13 जण गेले. त्यांचा फोरमन वॅग्नर डॉज याने पळता पळता थांबून पुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळलेल्या जागेत राखेत पालथा पडून राहिला, मुख्य आग त्याच्या बाजूने निघून गेली आणि तो वाचला. बाकीच्यांना तो हाका मारत होता पण त्या गोंधळात कोणी थांबलं नाही, दोघे धावत धावत कड्याच्या फटीतून पलीकडे निसटले तेवढेच. अशी युक्ती प्रत्यक्ष वापरायची वेळ यायलाच नको, पण त्यातून आम्हाला एक गोष्ट पक्की कळली, जिथलं जळून गेलंय तिथे पुन्हा जळायला काही नसतं. कामाला उभं राहतानाच ‘काळं कुठे आहे’ हे बघायचं, म्हणजे नीट जळून थंड झालेली जागा, तिथे पटकन जाता आलं पाहिजे.

पुढे पॉल ग्लीसन नावाच्या अनुभवी फायरफायटरने 1991 मध्ये चार गोष्टींचा नियम मांडला तो आम्ही पाठ केला: नजर ठेवणारा माणूस, एकमेकांशी संपर्क, बाहेर पडायच्या वाटा (एक नाही, किमान दोन) आणि सुरक्षित जागा. यातली एक जरी नसेल तरी कामाला हात लावायचा नाही. हे मॅडम दर वेळी विचारायच्या, कुदळ हातात घेतली की लगेच, ‘तुझी दुसरी वाट कुठली? हात करून दाखव.’ आणि खरंच हात करून दाखवावा लागायचा.

मग जाळरेषा, म्हणजे आगीला अडवायला माती उघडी करून काढलेला पट्टा. लोकांच्या डोळ्यासमोर पाण्याचा पाइप असतो पण डोंगरावर पाणी असतंच कुठे, पाठीवरच्या पंपात जेमतेम 15-20 लिटर. वणवा थांबतो तो त्याचं खाणं काढून घेतल्यावर. गवत, पालापाचोळा, मुळं, सगळं खरवडून खालची निव्वळ माती उघडी करायची, लहान गवतात हात-दीड हात रुंद, झुडपं असली तर बरीच जास्त. सुरुवात कायम अशा ठिकाणाहून की जिथून आग मागून वळसा घालू शकणार नाही, रस्ता, ओढा, खडक. सगळे एका रांगेत, दोघांमध्ये 3 मीटर अंतर, म्हणजे कोणाची कुदळ कोणाला लागणार नाही, आणि प्रत्येकाने दोन-चार घाव घालून पुढे सरकायचं, पूर्ण साफ करत बसायचं नाही, मागचा माणूस राहिलेलं काढतो. शेवटच्या माणसाच्या मागे नुसती माती दिसली पाहिजे. मला हे काम मनापासून आवडलं. वीस-पंचवीस माणसं न बोलता एका लयीत चाललेली असतात आणि मागे वळून बघितलं की डोंगरावर लांबच लांब तांबडी रेघ उमटलेली असते.

पण सगळ्यात जास्त जीव काढते ती विझल्यानंतरची पाहणी. ज्वाळा गेल्या की बघे घरी जातात, काम तिथून पुढे सुरू होतं. देखरेखीखाली पेटवलेल्या एका तुकड्यावर आम्हाला हे शिकवलं. हातमोजा काढायचा आणि तळहात नाही, हाताची मागची बाजू जमिनीपासून थोडी वर धरून हळूहळू फिरवायची, कारण तिथली कातडी पातळ असते, ऊब लगेच कळते आणि भाजलं तरी तळहात शाबूत राहतो. एका बुंध्यापाशी वरून सगळं गार दिसत होतं, पांढरी राख, धूर नाही. हात नेला तर ऊब. कुदळीने उकरलं तर मूळ जमिनीखाली लाल होऊन धुमसत होतं आणि ते जाळरेषेच्या दिशेनेच गेलेलं. पाणी थोडं, माती कालवायची, परत पाणी, परत कालवायचं, चिखल होऊन पूर्ण थंड होईपर्यंत. नुसती माती टाकून झाकलं तर ते आत जिवंतच राहतं. अशी मुळं कित्येक दिवस धुमसतात आणि मग एका दुपारी वारा सुटला की पुन्हा पेटतं. म्हणून मला वाटतं आग विझली हे वाक्य इतक्या सहज बोलूच नये.

ट्रेनिंगचा शेवटचा भाग घरांचा होता. जॅक कोहेन हे अमेरिकेच्या वनखात्यात शास्त्रज्ञ होते, त्यांनी कॅनडात मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून बघितलं. 10 मीटरवरच्या काही पेटल्या, 20 आणि 30 मीटरवरच्या एकही नाही. मग घरं जळतात कशी? बहुतेक वेळा उडत आलेल्या निखाऱ्यांनी. ते किलोमीटर-दोन किलोमीटरवरूनही येतात आणि पन्हळीतल्या वाळक्या पानांत, पायरीखालच्या कचऱ्यात, छपराच्या फटीत जाऊन बसतात. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइज गावात आणि आसपास 85 माणसं दगावली त्या आगीनंतरचे फोटो बघा, घरं राख झालीयेत आणि शेजारी झाडं हिरवी उभी आहेत.

तर वस्तीत परत आल्यावर आम्ही घरोघर फिरलो. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळेल असं काहीच नको, ना पायपुसणं, ना झाडू, ना सरपण. सरपणाचा ढीग 9 मीटर लांब. झाडाच्या खालच्या फांद्या छाटायच्या म्हणजे गवताची आग शेंड्याला चढत नाही. हवेच्या झरोक्यांना 3 मिलिमीटरची धातूची जाळी, प्लॅस्टिकची नाही, ती वितळते. बहुतेकांनी ऐकलं. एका आजोबांनी भिंतीला टेकलेली मेंदी काढायला साफ नकार दिला, त्यांच्या बायकोने लावलेली, त्यावर मी वाद घातला नाही, तिच्या तळाचं वाळलेलं सगळं मी स्वतः काढून दिलं आणि दर महिन्याला जाऊन काढते.

खरा वाद झाला तो कधी निघायचं यावर. काही जण म्हणाले आम्ही घर सोडणार नाही. ऑस्ट्रेलियात 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत 173 लोक गेले, त्यातले कित्येक घरात किंवा अगदी शेवटच्या क्षणी रस्त्यावर, हे सांगितल्यावर बैठक जरा शांत झाली. उशिरा निघणं हे सगळ्यात धोक्याचं, धुरात रस्ता दिसत नाही, गाड्या अडकतात. शेवटी ठरलं की समोरच्या डोंगराच्या माथ्यावर धूर दिसला की म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जनावरं लगेच हलवायची, आदेशाची वाट बघायची नाही, आणि कोणाला कोण नेणार ती नावं लिहून प्रत्येक दारामागे चिकटवलीत. सामायिक पाण्याच्या टाकीचा नळ बंबाच्या पाइपला बसत नाही हेही त्याच बैठकीत लक्षात आलं. त्याचं कपलिंग बदलायचंय, अग्निशमनवाल्यांकडून माप घेतलंय, गवत वाळायच्या आत ते बसवून घेऊ.