जनगणनेच्या तक्त्यात न सापडणारी वाडी

कोल्हापूरहून गगनबावड्याची एस.टी. धरली की बालिंगे, कळे, साळवण असे करत रस्ता सह्याद्रीच्या दिशेने सरकतो, उसाचे फड विरळ होतात आणि भाताची खाचरे सुरू होतात. मला जायचे होते ते कुंभी नदीच्या खोऱ्यातल्या, लखमापूरच्या धरणापासून फार लांब नसलेल्या एका वाडीत. निघण्यापूर्वी तिची लोकसंख्या पाहावी म्हणून 2011 च्या जनगणनेचे तक्ते चाळले, पण त्यांत ही वाडी नव्हती. तक्त्यात ओळ असते ती महसुली गावाची. त्याच्या वाड्या आणि धनगरवाडे त्याच एका बेरजेत मिसळून जातात.

त्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 38,76,001 होती. एकट्या करवीर तालुक्यात 10 लाखांहून अधिक माणसे, तर गगनबावडा तालुक्यात 36 हजारसुद्धा नाहीत. याचे पहिले कारण पाऊस. शिरोळकडे वर्षाला 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो, इथे त्याच्या कितीतरी पट कोसळतो; भात आणि नाचणीपलीकडे फारसे काही पिकत नाही आणि जमिनीचे तुकडे लहान.

वाडीत पोहोचल्यावर आधी नजरेत भरली ती कुलपे. एका जांभ्याच्या घराच्या दाराला लावलेले कुलूप गंजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुतळीने घट्ट बांधले होते, आणि सुतळीवर शेवाळ धरले होते. शेजारच्या ओट्यावर नाचणी पाखडत बसलेल्या आजींना मी घरमालकाबद्दल विचारले. "ती समदी मुंबईला हायती, बाळा. गणपतीला येत्यात, तवा बघ, पाय ठेवाय जागा नसती," असे त्या म्हणाल्या. गिरण्या जोरात होत्या तेव्हापासून इथली तरुण माणसे मुंबईची वाट धरत आली आहेत. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तरी ती वाट मोडली नाही.

आता प्रश्न असा की या वाडीची लोकसंख्या कोणती धरायची? मागील जनगणनेत 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या काळात माणसे मोजली गेली आणि संपूर्ण काळ घराबाहेर असलेल्यांची नोंद मूळ घरी झाली नाही, ती ते जिथे होते तिथे झाली. नियम म्हणून ते योग्यच आहे, कारण एक माणूस दोनदा मोजता येत नाही. परंतु रेशनकार्ड, सातबारा, अनेकांचे मतदान आणि कुलदैवत इथेच राहते, आणि गणपतीत भरलेली वाडी फेब्रुवारीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

हा केवळ हिशेबाचा मुद्दा नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली तेव्हा सर्वसाधारण भागात रस्त्यासाठी 500 लोकवस्तीची अट होती. ज्या वस्तीतली कर्ती माणसे बाहेर आहेत, तिला अशी अट सर्वांत आधी नडते. आणि रस्ता नाही म्हणून उरलेलेही बाहेर पडतात.

पुढील जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. महसुली गावाच्या ओळीखाली त्याच्या प्रत्येक वाडीचा आकडा वेगळा छापावा आणि बंद घरांची संख्या त्याशेजारीच द्यावी, असे मला मनापासून वाटते.