कागदपत्रं सगळी तयार, सही कोण करणार?

प्रोजेक्ट चार्टर, म्हणजे काम सुरू करायला मान्यता देणारा कागद, एका बैठकीत मंजूर झाला, कामाची फोड आणि वेळापत्रकही झटपट ठरलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीला आम्ही गोदामाचं सॉफ्टवेअर करून दिलं, आणि मला अजून चीड येते ती यूएटीच्या साइन-ऑफची, म्हणजे वापरणाऱ्यांनी सॉफ्टवेअर तपासून 'स्वीकारलं' म्हणून करायच्या सहीची.

टेस्टिंग झालं, चुका दुरुस्त झाल्या, शेवटचा हप्ता मात्र या एका कागदावर अडकला. गोदामाचे मॅनेजर म्हणायचे, "आधी क्यूएची (गुणवत्ता विभागाची) सही आणा." क्यूएच्या बाई म्हणायच्या, "वापरणार ते, पहिली सही त्यांची." दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून तर जास्त राग. फोन केला की "फाल्यां पळोवया", उद्या बघू. त्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली, निम्मी कंपनी गावाला. (हेन्री गँट यांनी १९१०च्या दशकात आपला वेळापत्रकाचा पट्ट्यांचा तक्ता रूढ केला, त्यात चवथीची पट्टी कुठून असणार? गोव्यात वेळापत्रक करताना ती आपणच टाकायची, आणि आधीचा आठवडाही कामाचा धरायचा नाही.) चवथीनंतर सही तर नाहीच, वर नवी मागणी: "एक्स्पायरी जवळ आलेल्या मालाचा रिपोर्ट तेवढा द्या, मग करतो."

गोम रॅसी (RACI) तक्त्यात, म्हणजे जबाबदाऱ्या वाटणाऱ्या तक्त्यात होती. कोण करणार, कोण उत्तरदायी, कोणाला विचारायचं, कोणाला कळवायचं, असे त्याचे चार रकाने. एका कामाला उत्तरदायी माणूस एकच, हा त्यातला मुख्य नियम. मी तसाच मसुदा पाठवला होता. तो परत आला तेव्हा साइन-ऑफसमोर दोन नावं, मान राखायला! आणि गिऱ्हाईक दुखवायचं नाही म्हणून आमच्या साहेबांनी ते चालवून घेतलं.

शेवटी ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स कामी आली. प्रत्येक मागणीचा क्रमांक, समोर तिच्या टेस्टचा क्रमांक आणि निकाल. औषधवाल्यांचा कागदावर भारी विश्वास, म्हणून छापूनच नेली. ज्यानं टेस्ट केली त्याची छोटी सही त्या त्या ओळीसमोर घेतली. खाली दोन चौकटी: 'तपासले' क्यूएसाठी, 'स्वीकारले' गोदामासाठी. आधी कोण, हा वादच मिटला आणि त्याच बैठकीत दोन्ही सह्या झाल्या. नव्या रिपोर्टसाठी मी चेंज रिक्वेस्टचा, म्हणजे ठरल्यापलीकडच्या कामाच्या मागणीचा फॉर्म पुढे केला, त्यात लागणारा वेळ आणि खर्च लिहून. तो वाचून मॅनेजर म्हणाले, "राहू दे, पुढच्या वेळी बघू." ते ऐकून जो आनंद झाला, तो पैसे आले तेव्हाही झाला नाही.

बैठकीचं इतिवृत्त त्याच संध्याकाळी मेल करा, दुसऱ्या दिवशी आठवणी बदलतात. अमुक दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरू, ही ओळ करारातच घालून घ्या. नंतर कोणी घालू देत नाही. रिस्क रजिस्टर, म्हणजे संभाव्य अडचणींची यादी, मात्र मी तेव्हाच बदललं. त्यात पाऊस, वीज, सर्व्हर सगळं होतं. आता पहिली ओळ 'सही लांबणे', आणि पुढे गिऱ्हाईकाच्या एकाच माणसाचं नाव.