कर्नाळ्यात निळ्या माशीमाराच्या शोधात

पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यात बहुतेक जण किल्ला चढायला जातात. मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेले ती चिमणीएवढ्या एका पक्ष्यासाठी. टिकेलचा निळा माशीमार. तो दुर्मीळ मुळीच नाही, बारा महिने इथेच राहतो. तरी आधीच्या दोन खेपांना मला नीट दिसला नव्हता, कारण मी सारखी चालत होते.

या वेळी आम्ही दोघी गेट उघडतानाच पोचलो. किल्ल्याची वाट सोडून एका कोरड्या ओढ्याशी, कारवीच्या सावलीत बसून राहिलो. महामार्ग अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे सुरुवातीला ट्रकचे हॉर्नच ऐकू येतात. वीसेक मिनिटांनी कान सरावले आणि गाणं आलं. काचेच्या बांगड्या हलकेच किणकिणाव्यात तसे सहा-सात स्वर, आधी उतरत जाणारे, मग वर चढणारे. एवढंच. जरा थांबून पुन्हा तेच.

गाणं ऐकलं की आपली मान आपोआप वर जाते. तसं करू नका. हा सावलीतला, झाडोऱ्यातला पक्षी आहे. डोक्याच्या उंचीपासून खाली नजर फिरवा. आम्हाला तो आठ-दहा पावलांवर सापडला, आडव्या फांदीवर ताठ बसलेला. पाठ गडद निळी, कपाळ आणि खांदा त्याहून उजळ. गळा-छाती नारिंगी, आणि तो नारिंगी रंग रेघ मारल्यासारखा संपून खाली पांढरं पोट. एकदम सुटला, चोचीची बारीक ‘टक्’ ऐकू आली, आणि परत त्याच फांदीवर. चोचीत पतंग होता. दोनदा फांदीवर आपटला, एक पंख गिरक्या घेत खाली आला, मग गिळला. दुर्बिणीतून चोचीच्या बुडाशी असलेले राठ केससुद्धा दिसत होते. मी श्वास रोखून बघत होते.

हिवाळ्यात गेलात तर निळ्या गळ्याचा माशीमारही भेटू शकतो आणि हमखास गोंधळ होतो. नराचा गळा बघायचा. त्याचा निळा, टिकेलचा नारिंगी. माद्यांमध्ये टिकेलची फिकट असली तरी पाठीवर निळसर छटा असते, दुसरीची पाठ तपकिरी.

एका गोष्टीने मात्र जीव तुटला. मागून आलेल्या चौघांनी मोबाइलवर त्याचं गाणं लावलं. पक्षी चारा सोडून या फांदीवरून त्या फांदीवर फिरत राहिला, शेपटी उडवत, ‘टिक् टिक्’ करत. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असंच त्याला वाटतं. साधारण एप्रिल ते ऑगस्ट वीण चालते. त्या दिवसांत तर ही शक्ती त्याला घरट्यासाठी हवी असते. कृपा करून रेकॉर्डिंग वाजवू नका. बसून राहिलात तर तो आपणहून येतो, आमच्याकडे तीनदा आला.

घरट्याबद्दल एक महत्त्वाचं. ते उंच झाडावर नसतं. वाटेकडेच्या मातीच्या दरडीत, खडकाच्या खाचेत, झाडाच्या ढोलीत, बहुतेकदा हाताच्या टप्प्यात. म्हणून मे-जूनमध्ये दरडीला टेकून बसू नका, सॅकही तिथे ठेवू नका. पक्षी चोचीत किडा धरून नुसताच ओरडत असेल तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. लगेच मागे सरका.

रविवार टाळा, किल्ल्याच्या वाटेवर फार गर्दी असते. कपडे मातकट रंगाचे, बाह्या लांब, कारण सावलीत डास खूप. सकाळी दहानंतर उकाड्याने घामाघूम व्हायला होतं, पाणी भरपूर न्या. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. पक्षी जवळ असतो, उजेड कमी असतो.

पहिले पाऊस पडून गेले की मी परत जाणार आहे. पिल्लांच्या अंगावर ठिपके असतात आणि निळा रंग फक्त पंखांत नि शेपटीत. ती अजून बघायची राहिली आहेत.