पाठ टेकवायला शिकताना

नवव्या वर्षी धुळ्यातल्या आखाड्यात लंगोट बांधला, तेव्हा वस्तादांनी पहिल्या दिवशी डाव शिकवला नाही. एक वाक्य दिलं: "पाठ टेकनी का कुस्ती सरनी." पुढची तेरा वर्षं मी त्या वाक्यावर काढली. खाली गेलोच तर पालथं पडायचं. पोट मातीला, कोपरं आत, मान ताठ. वरचा खुशाल घिस्से लावू दे. सवय इतकी भिनली की मी आजही पालथाच झोपतो.

बाविसाव्या वर्षी वडिलांचं मोटर वायंडिंगचं दुकान अंगावर आलं आणि आखाडा सुटला. पस्तिसाव्या वर्षी वजन ९४ किलो. भाच्याला देवपुरातल्या एका जिममध्ये सोडायला जायचो. मागच्या पत्र्याच्या खोलीत रबरी मॅट टाकून जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवर पकडी आणि गळफास लावून लढायच्या ब्राझीलच्या कुस्तीचा, क्लास चालायचा. त्या जिमला लागण्याआधी भाचा दुसऱ्याच एका उन्हाळी शिबिरातून पंधरा दिवसांत पट्टा आणि चकचकीत सर्टिफिकेट घेऊन आला होता, त्यामुळे असल्या क्लासबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. शिकवणारा पोरगा सत्तावीस वर्षांचा, ६४ किलोचा, पुण्यात इंजिनिअरिंग करता करता हे शिकून आलेला. कमरेला जांभळा पट्टा. मी दारात उभा राहून हसत होतो. त्याने पाहिलं असावं. "भाऊ, या की. चप्पल तिथे काढा."

मी दुहेरी पट काढला. अगदी वस्तादांनी शिकवलेला, दोन्ही पाय गुडघ्याखालून धरून. पोरगा उचलला गेला आणि पाठीवर धप्पकन आला. माझ्या हिशोबाने कुस्ती संपली होती. मी चक्क वर बघितलं, कोणीतरी शिट्टी मारेल म्हणून. तेवढ्यात ध्यानात आलं की माझी मान त्याच्या काखेत आहे आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या कमरेभोवती आवळलेत. पट काढताना माझं डोकं त्याच्या कुशीबाहेर गेलं होतं. जाताना मान मीच त्याच्या हातात दिली होती. घशातून घर्रर्र आवाज आला. भाचा ओरडला, "मामा, टॅप करा! हाताने थोपटा!" मी थोपटलं, म्हणजे हार मानली.

दुसऱ्या फेरीला मी खाली गेलो आणि शहाणपणाने पालथा झालो. तेरा वर्षांचं शहाणपण ते. तोच पोरगा, पुढे माझे सर, पाठीवर बसले, दोन्ही पाय माझ्या मांड्यांत अडकवले आणि हनुवटीखालून हात घातला. या गळफासात श्वास नाही, रक्त अडतं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दबतात आणि काही सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते. दुखत नाही फारसं, हे त्यातलं वाईट. ज्या आसनाने मी आयुष्यभर हार टाळली, ते इथे सगळ्यात वाईट आसन निघालं. स्पर्धेत समोरच्याच्या पाठीवर बसून पाय अडकवले की चार गुण. छातीवर बसलं तरी चार. समोरच्याच्या पायांचा अडसर ओलांडून बाजूला गेलात तर तीन. आणि पट काढून आपटलं तर फक्त दोन! धोबीपछाड मारून हाडं खिळखिळी केली तरी दोनच. या गुणांवर मी पहिला महिनाभर सरांशी वाद घातला.

मग सुरू झालं उलटं शिक्षण. पाठीवर झोप. कंबर काढ, म्हणजे एका कुशीवर वळून ढुंगण मागे सरकव आणि मधल्या फटीत गुडघा घाल. मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोज वीस मिनिटं. पाठीवर पडून पायांनी समोरच्याला धरून ठेवायचं, तोल काढायचा, उलटवायचं, याला गार्ड म्हणतात आणि अख्खी विद्या त्यावर उभी आहे. डोक्याला पटत होतं. अंगाला पटत नव्हतं. जरा वजन आलं की अंग आपोआप पालथं व्हायचं, मागून हात यायचा, मी थोपटायचो. असे आठ महिने गेले. सोळा वर्षांच्या पोरांकडूनही हरलो. त्यातला एक आमच्याच गिऱ्हाइकाचा मुलगा. त्याच्या वडिलांनी पुढच्या वेळी मोटरचं बिल देताना घासाघीस जरा जास्तच केली.

बोटांचं वेगळंच. गी नावाचा तो जाड सुती अंगरखा पकडून पकडून बोटांची पेरं सुजायची. रब्बीत विहिरींवरच्या मोटरा जळून दुकानात रांग लागते. एका मोटरीत तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे खाचेत बसवावे लागतात, आणि माझी बोटं मिटेनात. कारागीर म्हणाला, "शेठ, तुम्ही फक्त गल्ल्यावर बसा." फासळीही एकदा सरकली, त्यात सहा आठवडे गेले. मे महिन्यात पत्र्याखाली क्लास पहाटे साडेपाचला लागायचा, कारण धुळ्यात सकाळी दहालाच मॅटवर पाय ठेववत नाही.

पाणी प्यायच्या सुट्टीत सर ही विद्या कुठून कशी आली ते सांगायचे. आखाड्यात वस्तादांचे वस्ताद कोण हे पाठ करून घेत, तसंच हे. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही जुदोची शाळा काढली. तिथे शिकलेला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, बेलें शहरात त्याने कार्लोस ग्रेसी या पोराला शिकवलं, आणि कार्लोसकडून ते त्याच्या भावांत पसरलं. धाकटा हेलिओ अंगाने किरकोळ, म्हणून त्याने ताकदीपेक्षा तरफेवर भर दिला. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याची जपानी जुदोपटू मासाहिको किमुराशी लढत झाली. किमुराने हात पिळला, हेलिओ थोपटेना, शेवटी भावाने कोपऱ्यातून टॉवेल टाकला. ज्या पकडीत तो हरला तिचं नाव ग्रेसींनी किमुराच ठेवलं. मी सरांना दोनदा विचारलं, खरंच हरलेल्यांनी ठेवलं? आमच्याकडे असं झालं असतं तर तो डाव आखाड्यातून हद्दपार झाला असता आणि पंचांवर खापर फुटलं असतं.

पट्ट्याचा मामला वेगळा. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. मोठ्या माणसांना काळ्यापर्यंत एवढेच पाच. मधल्या पायऱ्यांना पट्ट्याच्या टोकावर चिकटपट्टीच्या रेघा, चारपर्यंत. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात निळ्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक. काळ्याला दहाएक वर्षं लागतात असं सगळेच म्हणतात. आमचे सर स्वतः जांभळे, त्यामुळे निळा पट्टा त्यांच्या हातात नव्हता. तो द्यायचे पुण्याचे त्यांचे काळ्या पट्ट्याचे गुरू, वर्षातून एकदा शिबिराला आले की. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्या पट्ट्यावर दोन रेघा चिकटवल्या आणि म्हणाले, "वरून छान खेळता. खालून या पुढच्या वर्षी." राग आला. रात्रीच्या जेवणात शेवभाजी वाढली होती, मी अर्ध्यातून उठलो.

पुढच्या वर्षभरात कधीतरी ते जमलं. नेमकं कधी ते सांगता येत नाही. एका सकाळी भाचा छातीवर यायला लागला आणि मी पालथा झालोच नाही. गुडघा आपोआप मध्ये गेला. त्याची बाही धरली, त्याचं वजन माझ्या नडगीवर येऊ दिलं, दुसरा पाय खालून फिरवला आणि तो माझ्याखाली. भाचा म्हणाला, "मामा, हे काय केलं?" मलाही विचारायचं होतं. क्लासला लागून दोन वर्षं चार महिने झाले, तेव्हा निळा पट्टा मिळाला. गुरूंनी बांधला, सरांनी खेचून गाठ घट्ट केली. दुसऱ्याच दिवशी एका पांढऱ्या पट्ट्याने मला थोपटायला लावलं, ते असो.

हे सगळं मी वस्तादांपासून लपवलं होतं. वय एकाहत्तर, एक खुबा धरलेला, पण संध्याकाळी आखाड्यात काठी टेकत येतातच. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या त्या मातीचा वास आला आणि मी पिशवीतून पट्टा काढून दाखवला. त्यांनी बोटांनी चाचपला. "आनि हाई करतस काय?" मी सांगितलं, पाठीवर पडून लढतात.

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. एका पोराला हाक मारून म्हणाले, "यासंगे देखाड." मी मातीत उताणा पडलो. आजूबाजूची पोरं खिदळली. त्या मातीत मी आपणहून पाठ टेकवलेली ही पहिली वेळ, आणि पोटात खड्डा पडला. पोरगं अंगावर आलं, मी उलटवलं. पुन्हा आलं, पुन्हा उलटवलं. तिसऱ्यांदा वस्ताद काठीने माझा डावा पाय ढोसत म्हणाले, "हाऊ पाय आळशी शे." खरं होतं. सरही तेच म्हणतात, फक्त ते अडकवलेल्या पायाला हुक म्हणतात: 'हुक सोडू नका.'

मग त्यांनी दोन्ही गुरूंची नावं विचारली, गावं विचारली. कोल्हापूरच्या खासबागेत आपण कोणाशी लढलो ते मला शंभराव्यांदा सांगितलं. हळद लागलेली टोपी काढून काठीवर ठेवली. एका हाताने माझा खांदा धरला, दुसरा मातीला टेकला आणि कण्हत कण्हत खाली बसले. पोरं गप्प झाली. मी म्हणालो, "वस्ताद, खुबा." त्यांनी लक्ष दिलं नाही. आधी एक कोपर, मग दुसरं, मग पाठ. आडव्या वाशांकडे बघत थोडा वेळ तसेच पडून राहिले.

"हं," म्हणाले. "आते पाय कोठे ठेवू, सांग."